कलाशाळेची खिडकी आणि वऱ्हाडचा सूर्य

शाळेची इमारत बांधावयाची ठरली की पुष्कळदा आधी वर्गखोल्या मोजल्या जातात, आणि चित्रकलेला व हातकामाला उरलेली खोली मिळते. ही उपेक्षा जुनी आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली कलाशाळा सुरू झाली, ती एल्फिन्स्टन संस्थेच्या आश्रयाने. तिला स्वतःची कायमची इमारत मिळाली १८७८ साली. देणगी होती, लॉकवुड किपलिंग यांच्यासारखे शिक्षक होते. छप्पर मात्र एकवीस वर्षांनी आले.

पुढे १८९१ मध्ये त्या शाळेला लॉर्ड रे यांच्या नावाच्या कर्मशाळा जोडल्या गेल्या. तत्पूर्वी, १८९० साली, सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यात प्रा. गज्जर यांचे कलाभवन उभे राहिले होते. दादासाहेब फाळके या दोन्ही ठिकाणी शिकले. चित्र आणि यंत्र यांचे सोयरपण त्यांच्या हातून कसे फळले, हे आपण जाणतोच. आपल्या शेजारी वर्ध्याला १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसविले. जो विषय मध्यभागी आहे, त्याला अडगळीची खोली कशी पुरेल?

आता आपल्या गावांकडे वळू. चित्रशाळेची खिडकी उत्तरेला असावी, हा नियम युरोपातून आला. तिकडे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो. म्हणून उत्तरेचा उजेड स्थिर राहतो, समोरच्या वस्तूची सावली सरकत नाही. परंतु अमरावती व अकोला एकवीस अंश अक्षांशाच्या आसपास आहेत. येथे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे कलतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हे उत्तरेच्या भिंतीवर येतात. म्हणजे खिडकी उत्तरेलाच ठेवावी, पण तिला रुंद छज्जा आणि दोन्ही बाजूंस उभे आडोसे द्यावेत. पश्चिमेची भिंत जाड व बंद असावी. जुन्या वाड्यांच्या ओसरीने सावलीचा हा धडा आपल्याला केव्हाच दिला आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. लेथ किंवा रंधायंत्र ठेवावयाचे तर पाया घट्ट मुरुमापर्यंत न्यावा. नाहीतर भिंतीला तडा जाईल आणि यंत्राची पातळीही बिघडेल. कर्मशाळेची ठोकठोक व भुसा चित्रवर्गात जाऊ नये एवढे अंतर दोहोंत असावे. पण मुलाला कागदावरची आकृती घेऊन सुतारकामाच्या टेबलापर्यंत सावलीतून चालत जाता यावे. मधल्या ओसरीने हे साधते.

यासाठी संगमरवर लागत नाही. नकाशा काढण्यापूर्वी एकदा उन्हात उभे राहून सूर्य कोठून येतो ते पाहावे लागते, आणि हात वापरणाऱ्या मुलाचा वर्ग पहिल्याच यादीत लिहावा लागतो. मुंबईला त्यासाठी एकवीस वर्षे लागली. आपण तेवढी लावू नयेत.