सावित्रीखोऱ्यातून आगमनकाळाकडे : प्रस्तावना

पाश्चात्त्य ख्रिस्ती उपासनेचे वर्ष आगमनकाळाने सुरू होते. 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांदरम्यान येणारा रविवार हा त्याचा पहिला दिवस. पुष्कळांना ही नाताळची पूर्वतयारी वाटते. पण त्या रविवारच्या शास्त्रपाठांत गव्हाणीतले बाळ नसते. युगाचा शेवट, न्याय आणि जागे राहण्याची ताकीद असते. कॅथलिक उपासनेत 17 डिसेंबरपासून पाठ जन्मकथेकडे वळतात. ख्रिस्त येऊन गेला आहे आणि यायचाही आहे, या दोन्हींच्या मधल्या काळात कसे जगावे, हा ख्रिस्ती आशेच्या अभ्यासाचा मूळ प्रश्न.

तो महाड-पोलादपुरात बसून विचारण्याला कारण आहे. सावित्री इथून वाहत बाणकोटला समुद्रास मिळते. त्याच बाणकोटला 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल आले आणि वर्ष सरण्याआधीच वारले. त्यांच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत तेव्हा आगमनकाळ पाळलाच जात नसे. प्रतीक्षेचे मोठे मराठी काव्य मात्र दोन शतके आधीच छापून झाले होते. फादर स्टीफन्स यांच्या 1616च्या 'ख्रिस्तपुराणा'चा पहिला भाग सृष्टीपासून सुरू होऊन तारकाची वाट पाहण्यात जातो. मराठी अभ्यासकाने तिथून आरंभ करावा.

ही आशा म्हणजे 'होईल सगळे ठीक' असा दिलासा नव्हे. आगमनकाळ लागतो तेव्हा इथले भात कापून झालेले असते आणि त्याच रानात जमिनीतल्या ओलीवर वाल धरलेला असतो. पाऊस आता येणार नसतो. येऊन गेलेल्या पावसावर पीक उभे राहते. प्रेषित पौलाची आशाही अशीच घडून गेलेल्या पुनरुत्थानावर पोसते. युद्धकैदेतून परतलेले जर्मन धर्मचिंतक युर्गन मोल्टमान यांनी 1964च्या ग्रंथात हाच धागा पुढे नेला : अशी आशा माणसाला स्वस्थ बसू देत नाही, आहे त्या जगाशी तिचे पटत नाही.

या विधानाची परीक्षा याच मुलखात होते. 22 जुलै 2021 रोजी तळिये गावावर दरड कोसळून 80हून अधिक माणसे गेली. तिथे देवाची योजना समजावत बसणारा आशेचा नव्हे, उद्धटपणाचा प्रवक्ता ठरतो. बायबलातील विलापस्तोत्रे आशेच्या अभ्यासात का मोडतात, हे अशा ठिकाणी कळते. दुसरी तारीख 25 डिसेंबर 1927. जगभर नाताळ साजरा होत असताना डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. त्या कृतीला ख्रिस्ती अर्थ चिकटवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण लूकच्या पहिल्या अध्यायातील मरियेच्या गीतात सत्ताधीश आसनावरून उतरवले जातात आणि भुकेले तृप्त होतात. ते गीत गाणाऱ्या आणि स्वतःच्या घरात जात जपणाऱ्या मंडळीला महाडचा जाब चुकवता येणार नाही.

या विषयात येण्यासाठी श्रद्धेची अट नाही. आधी यशयाचा चाळिसावा अध्याय, लूकचा पहिला आणि रोमकरांस पत्राचा आठवा वाचा. मग धर्मचिंतकांचे ग्रंथ हाती घ्या. वाचताना एक प्रश्न सोडू नका : ही आशा कोणाला धीर देते आणि कोणाला अस्वस्थ करते?