चाळिशीचा उगम

मराठींत चष्म्याला 'चाळिशी' असेंही एक नांव आहे आणि तें फार सार्थ आहे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील नैसर्गिक भिंगाचा लवचिकपणा कमी होतो, जवळचीं अक्षरें पुसट दिसूं लागतात, आणि वाचणारा पुस्तक हातभर लांब धरतो. आज हा त्रास किरकोळ वाटतो. पण त्यावर उपाय नव्हता त्या काळीं लेखनिकाची किंवा जवाहिऱ्याची विद्या परिपक्व व्हावी आणि नेमके त्याच वेळीं त्याचे डोळे थकावे, असा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता.

फुगीर काचेनें अक्षर मोठें दिसतें, ही गोष्ट विद्वानांस ठाऊक होती. १२६७ च्या सुमारास इंग्लंडांतील रॉजर बेकन यानें, काचेच्या गोलाचा छेद अक्षरांवर ठेवल्यास क्षीण दृष्टीच्या वृद्धांस तो उपयोगी पडेल, असें लिहून ठेवलें. परंतु पानावरची काच उचलून डोळ्यांसमोर आणण्याची युक्ति सुचली ती इटलींत.

२३ फेब्रुवारी १३०६ रोजीं फ्लॉरेन्स येथील प्रवचनांत जोर्दानो या डोमिनिकन धर्मोपदेशकानें सांगितलें कीं, चष्मे करण्याची कला निघून अद्याप वीस वर्षेंही झालीं नाहींत, आणि ती शोधणारास आपण स्वतः भेटलों आहों. त्या माणसाचें नांव मात्र त्यानें सांगितलें नाहीं! पिसा येथील मठाच्या बखरींत याचा दुसरा धागा सांपडतो. १३१३ सालीं निवर्तलेला अलेस्सान्द्रो देल्ला स्पीना हा साधु, पाहिलेली वस्तु स्वतः घडविण्यांत निपुण होता. चष्मे प्रथम दुसऱ्याच कोणीं केले होते, पण तो आपली युक्ति कोणास सांगेना. तेव्हां स्पीनानें ते स्वतः बनविले आणि प्रसन्न मनानें ती कला सर्वांस दिली, असें बखर सांगते. पुढें फ्लॉरेन्सच्या अभिमान्यांनीं साल्विनो देल्यी आर्माती यास शोधकाचा मान दिला. पण पुराव्यादाखल पुढें केलेला थडग्यावरील लेख बनावट ठरला.

गुपित फुटल्यावर प्रसार झपाट्यानें झाला. १३५२ सालीं तोम्मासो दा मोदेना यानें त्रेव्हीझो येथील भित्तिचित्रांत ह्यू नांवाचा कार्डिनल नाकावर चष्मा ठेवून लिहितांना दाखविला. वास्तविक हा कार्डिनल १२६३ सालींच, म्हणजे चष्मा निघण्यापूर्वींच, वारला होता. पण चित्रकाराच्या काळीं चष्मा हें विद्वत्तेचें लक्षण होऊन बसलें होतें. दूरचें न दिसणाऱ्यांसाठीं खोलगट भिंगें पंधराव्या शतकांत आलीं.

आपल्याकडे विजयनगरच्या व्यासरायांनीं चष्मा लावून पोथी वाचल्याचा उल्लेख सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत काव्यांत येतो. व्यासराय १५३९ सालीं निवर्तले, त्याअर्थीं हा उल्लेख बराच जुना ठरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं असे विखुरलेले उल्लेख वेंचून १५०० ते १८०० या काळांतील भारतीय चष्म्याचा इतिहास जुळविला.

श्रोतेहो, दोन भिंगें आणि एक चौकट, एवढेंच हें साधन. ज्यानें तें झांकून ठेवलें त्याचें नांव काळानें झांकलें. ज्यानें वांटलें त्याचें मात्र राहिलें. वांटण्याचें तें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणें, चाळिशी लागूनही योग्य चष्मा न मिळालेलीं माणसें जगांत ८२ कोटींहून अधिक होतीं.