नापास माणसाची प्रस्तावना

आमच्या बिलोलीकडचा माणूस मराठी बोलण्याआधी समोरच्याचं गाव विचारतो, असं मी गमतीने म्हणत असतो. समोरचा पुण्याचा निघाला की 'काय करलालाव' गिळून टाकायचं आणि 'काय करत आहात' सुरू! पण या भीतीला इतिहास आहे.

निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. मग 1948 ला निजामी गेली, 1956 ला भाषावार रचना झाली. मुधोळ, भैंसा आंध्रात गेले, बिलोली इकडे राहिली. कालपर्यंत सुरेख उर्दूत दरख्वास्त लिहिणारा माणूस बघता बघता 'अशुद्ध मराठीवाला' ठरला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लोक हसतील म्हणून आमच्याकडची कितीतरी माणसं लिहायचीच थांबली.

म्हणून मला नरहर कुरुंदकर फार जवळचे वाटतात. मोठे विचारवंत वगैरे ते होतेच, पण त्याआधी ते इंटर नापास होते. हैदराबादला शिकायला गेलेले, मामा डॉ. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. अशा घरचा भाचा नापास म्हणजे नातेवाइकांना दिवाळीच की! दुसरा एखादा तोंड लपवून बसला असता. हे नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर झाले आणि हातात पदवी नसताना साहित्यशास्त्रावर वाद घालू लागले. पदव्या मागाहून आल्या. 1963 मध्ये पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे तिथलेच प्राचार्य.

त्यांचं मला सगळ्यात आवडणारं लेखन म्हणजे एक पत्र. रणजित देसाईंना 'श्रीमान योगी'च्या निमित्ताने लिहिलेलं. राजा मारला गेला, रायगड पडला, तरी लोक 1707 पर्यंत औरंगजेबाशी का लढत राहिले? महाराजांचं मोठेपण लढायांपेक्षा या प्रश्नात शोधा, असं ते सांगतात. देसाईंनी ते पत्रच प्रस्तावना म्हणून छापलं. आधी शिवकालावर निर्दोष ग्रंथ लिहू, मग तोंड उघडू, असं कुरुंदकर म्हणाले असते तर? आपल्याला काहीच मिळालं नसतं. त्यांची कितीतरी पुस्तकं म्हणजे मुळात भाषणं आणि लेख. संघावर लिहिलं, मुस्लिम राजकारणावर लिहिलं, संगीतावर बोलले. कुठल्याच गटाला ते पुरते आपले वाटले नाहीत. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. वय अवघं 49.

हे सगळं मी आमच्या एका गुरुजींना सांगत असतो. नव्वदीला टेकलेत. गोविंदराव पानसरे 1946 मध्ये इथेच अर्जापूरला मारले गेले. त्या दिवसांबद्दल वडिलांकडून ऐकलेलं गुरुजींनी एका वहीत उतरवलंय. छापा म्हटलं की म्हणतात, "आधी शुद्धलेखन तपासू दे. पुण्याचे लोक वाचतील ना."

वीस वर्षं तपासणं चाललंय. आता त्यांना दिसतही नाही नीट. मागच्या महिन्यात मीच म्हटलं, गुरुजी, तुम्ही नुसतं वाचा, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. बोलण्यात वेलांट्या कुठे असतात! हसले. अकरा पानं झालीत. वाचता वाचता मधेच थांबतात, वहीत नसलेलं काहीतरी आठवतं, आणि मग उर्दू, तेलुगू, मराठी सगळं एकत्र सुरू होतं...