किल्ल्यातून गर्दीत

उन्हाळी सुट्टी संपून महाविद्यालय सुरू झाले की पहिल्या आठवड्यात आम्हा अध्यापकांची अवस्था चमत्कारिक असते. वर्ग तेच, सहकारी तेच. पण आपण तेथे पुरते पोचलेलो नसतो. सुट्टीत अर्धा झालेला लेख टेबलाच्या खणात जातो आणि बहुधा तेथेच राहतो. या अवस्थेला आळस म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. ती तपासून पाहण्यास अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याचा इतिहास उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले. त्यांपैकी मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदींना या किल्ल्यात ठेवण्यात आले. सभा, दौरे, पत्रव्यवहार एका दिवसात थांबले. ही विश्रांती नव्हती. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात निवर्तल्या, तेव्हा आझाद येथेच बंदिवान होते. तरीही या सक्तीच्या रिकामपणाला त्यांनी आपापली शिस्त लावली. नेहरू दगडगोट्यांनी भरलेली जमीन खणून फुलझाडांचे वाफे करीत. आझादांनी एका स्नेह्याला उद्देशून, पण पाठविता न येणारी पत्रे लिहिली. त्यांतून 'गुबार-ए-खातिर' सिद्ध झाला. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हाताने लिहून काढला. साने गुरुजींच्या अनुवादामुळे आपण त्यास 'भारताचा शोध' म्हणून ओळखतो.

मार्च १९४५ च्या अखेरीस नेहरूंना नगरहून हलविण्यात आले आणि १५ जून रोजी अल्मोड्यातून त्यांची सुटका झाली. कारावासाचे १०४१ दिवस भरले होते. घरी जेमतेम एक रात्र काढून ते कार्यकारिणीच्या बैठकीसाठी मुंबईला धावले आणि तेथून सिमल्यास गेले. २५ जूनला तेथे व्हाइसरॉय वेव्हेल यांची परिषद सुरू झाली. या दिवसांविषयी ग्रंथाच्या ताज्या कलमात त्यांनी दिलेली कबुली मोलाची आहे. सारे ओळखीचे असूनही आपण परके आहोत असे त्यांना वाटत राहिले. नव्या परिस्थितीशी जुळवून घेणे जड गेले, मन पर्वतशिखरांकडे ओढ घेत होते. परिषद १४ जुलैला फिसकटताच ते काश्मीरला गेले, उंच खिंडींतून पायी हिंडले आणि महिन्याभराने गर्दीत परतले. प्रकृती ढासळलेले आझादही विश्रांतीसाठी गुलमर्गला गेले होते.

ज्याच्या कष्टाळूपणाविषयी शंका घेता येणार नाही, अशा माणसाचा हा अनुभव आहे. बंदिवासातही तो रिकामा बसला नव्हता. तेव्हा अडचण कामाची सवय मोडल्याची नव्हती. एकांतातल्या काळाचा पोत वेगळा आणि गर्दीतल्या काळाचा वेगळा; एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी मध्ये काही अंतर चालावे लागते, इतकेच.

हस्तलिखिताचे काय झाले, हे तर साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावे. बाहेर आल्यावर मजकूर टंकलिखित झाला. पण तो पुन्हा वाचण्यासही नेहरूंना सवड मिळेना. वाचू लागल्यावर तो दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखा भासला. भर घालण्याचा मोह त्यांनी आवरला. इंदिरेने ते ओझे स्वतःकडे घेतले आणि ताजे कलम सोडून ग्रंथ तुरुंगात लिहिला तसाच छापावयाचे ठरले. प्रस्तावनेखाली २९ डिसेंबर १९४५ ही तारीख आहे. पुढे २ सप्टेंबर १९४६ रोजी नेहरू हंगामी सरकारात गेले. पुरेशी सवड मिळाल्यावर ग्रंथ सुधारू, असे त्यांनी म्हटले असते तर तो कधी निघाला असता?

आमच्या वाट्याला काश्मीर येणार नाही. परंतु जूनमधल्या त्या परकेपणाला आळस म्हणून स्वतःस दोष देणे आम्ही सोडू शकतो. आणि खणातला लेख, सुट्टीतल्या माणसाने लिहिला तसाच, एखाद्या विश्वासू सहकाऱ्याच्या हाती देऊ शकतो.