झील मागे राहिली, आवाज पुढे गेला

शाहिरी हे एकट्यादुकट्याचं काम नाही. पुढे उभा राहून गातो तो शाहीर. पण त्याच्या मागे झीलकरी असतात, तुणतुणं असतं, डफ आणि ढोलकी असते. शाहिराचा श्वास संपत येतो, नेमक्या त्या क्षणी झीलकरी ओळ उचलतात आणि त्याला दम घ्यायला सवड मिळते. म्हणून जुन्या शाहिरांची नावंसुद्धा आपण जोडीनंच घेतो. होनाजी-बाळा घ्या. होनाजीनं रचायचं आणि बाळानं गायचं. पेशवाईतला सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार. त्याच्या जोडीला रामा गोंधळी. गाणं कोणाचं, रचणाऱ्याचं की गाणाऱ्याचं, हा प्रश्न त्या काळात कोणी विचारत नसे. गाणं फडाचं असे.

पण फडातला मुख्य आवाज एक दिवस फड सोडून एकटा निघाला तर? पाश्चात्त्य संगीतात ही गोष्ट नेहमीची आहे. १९७० साली बीटल्स फुटले, चौघांनी आपापल्या स्वतंत्र तबकड्या काढल्या आणि खरा कोण, यावर रसिकांचे वाद झडले. आपल्याकडे ही गोष्ट त्याआधी पावणेदोनशे वर्षं घडून गेली आहे. पुढे ती वेगळ्या रीतीनं पुन्हा घडली. गंमत म्हणजे या दोन्ही कथांमधलं एकेक महत्त्वाचं गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, एकमेकांना लागून असलेल्या तालुक्यांत आहे. एक बारामती आणि दुसरं इंदापूर.

पहिली कथा राम जोशींची. सोलापूरच्या वेदशास्त्रसंपन्न घरातला हा मुलगा तमाशाच्या नादी लागला. घरातून बाहेर पडावं लागलं. पंढरपुरात संस्कृतचं अध्ययन झालं, तरी डफ काही सुटला नाही. सोलापूरच्या धोंडी शाहिराच्या फडात त्यांचं कवित्व फुललं. संस्कृतप्रचुर शब्द आणि ढोलकीची लय यांचा असा मेळ मराठीत आधी कोणी घातला नव्हता. त्याच काळात बारामतीत मोरोपंत राहत होते. पन्हाळ्याला जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयानं इथे आले आणि इथलेच झाले. हजारो आर्या त्यांनी इथेच लिहिल्या. पंतांनी राम जोशींची प्रतिभा ओळखली आणि त्यांना कीर्तनाकडे वळवलं, अशी परंपरागत कथा आहे. त्या प्रसंगी राम जोशींनी डफ फोडून टाकला, असंही सांगतात. डफ फुटला की नाही, कोण जाणे. पण तमाशातला हा कवी कीर्तनकार झाला आणि मोरोपंतांच्या आर्या त्यानं कीर्तनातून गावोगाव नेल्या, एवढं खरं. १७९४ साली पंत गेले. विद्वानांच्या आर्या सामान्यांच्या कानापर्यंत पोचल्या, त्यात तमाशातून आलेल्या या गळ्याचा वाटा मोठा होता.

आता बघा, लोकांनी त्यांचं काय जपलं? १९४७ साली राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट आला. महाराष्ट्रानं तो डोक्यावर घेतला. नावात 'कीर्तनकार' नव्हतं, 'लोकशाहीर' होतं. कीर्तन त्यांच्या श्वासाबरोबर गेलं, कारण ते एकट्याचं होतं. लावण्या राहिल्या, कारण त्या दुसऱ्या फडांनी उचलल्या, दुसऱ्या गळ्यांनी गायिल्या. आवाज गेला, शब्द उरले.

दुसरी कथा अमर शेखांची. यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीच्या गरीब घरात जन्म. आई मुनेरबी ओव्या आणि लोकगीतं गात असे. गाण्याचा पहिला संस्कार तिचा. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, संपात पुढे आणि म्हणून तुरुंगात, अशी या माणसाची शाळा. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. वाटेगावचे अण्णाभाऊ, बार्शीचे अमर शेख. शाळा-कॉलेजाशी दोघांचाही फारसा संबंध नाही. पण कामगार मैदानात तुडुंब गर्दी होई. अण्णाभाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज ही त्या काळातली होनाजी-बाळाची जोडी म्हणावी लागेल.

स्वातंत्र्यानंतर पथकावर सरकारची वक्रदृष्टी फिरली, प्रयोगांवर बंधनं आली, पथक विस्कळीत झालं. अमर शेखांनी पुढे स्वतःचं कलापथक उभारलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं मात्र तिघांना पुन्हा एका मैदानात आणलं. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड अमर शेखांनी सभासभांतून गायिली. मुंबईला पोट भरायला आलेल्या माणसाची गावी राहिलेली बायको. आणि बघता बघता ती बायको म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला बेळगाव-कारवार-निपाणीचा मुलूख होते. ऐकणारा गिरणी कामगार आपलंच दुःख ऐकत असे. त्यातूनच त्याला सीमाप्रश्न समजत असे.

या सगळ्या धामधुमीत अमर शेखांनी एक गोष्ट एकट्यानं केली. १९५८ साली त्यांचा 'कलश' हा कवितासंग्रह आला, १९६३ साली 'धरतीमाता'. झीलकरी नाहीत, ढोलकी नाही, समोर वीस हजारांची सभा नाही, नुसता कागद. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटलं होतं. पण ज्यांनी त्यांना मैदानात ऐकलं, त्यांतल्या किती जणांनी 'कलश' उघडून पाहिला असेल? लोकांच्या मनात त्यांचा आवाज राहिला, आणि तोही बहुतेक अण्णाभाऊंच्या शब्दांसकट. राम जोशींच्या अगदी उलट झालं. इथे आवाजाची आठवण उरली आणि त्यांचे स्वतःचे शब्द मागे पडले.

मी स्वतः कविता लिहितो, म्हणून हे मला लागतं. आणखीही एक कारण आहे. "तुम्ही मुसलमान, तरी मराठी किती छान लिहिता!" हे कौतुक मी आजवर अनेकदा ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. अशा वेळी मी मुनेरबीचं नाव सांगतो. जिच्या ओव्या ऐकत शाहीर वाढला, तिची मराठी कोणाकडून उसनी आणलेली नव्हती. आणि तिच्या मुलानं शिवरायांचे पोवाडे गायिले, १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी राष्ट्ररक्षण निधीसाठी गावोगाव कार्यक्रम केले.

१९६९ हे साल महाराष्ट्राच्या आवाजावर घाला घालणारं ठरलं. १३ जूनला अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूर इथे अमर शेखांचा अपघाती मृत्यू झाला. वय अवघं बावन्न. संयुक्त महाराष्ट्राचे तीन बुलंद आवाज सत्त्याहत्तर दिवसांत थांबले. पुण्याहून सोलापूरकडे जाताना लागणारं हे इंदापूर मालोजीराजांचं म्हणून इतिहासात ओळखलं जातं. शिवरायांच्या आजोबांना वीरमरण आलं ते याच गावी. नातवाचे पोवाडे गाणारा शाहीरही इथेच थांबला. एसटीनं किंवा गाडीनं या गावावरून रोज हजारो माणसं जातात, त्यांतल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

त्यांच्यानंतर घरातली कविता थांबली नाही. कन्या मलिका अमर शेख यांचा 'वाळूचा प्रियकर' १९७९ साली आला आणि त्या स्वतःच्या आवाजात लिहीत राहिल्या. मुंबई विद्यापीठात शाहिरांच्या नावानं अध्यासन आहे. हे चांगलंच आहे. पण शाहिराचं खरं अध्यासन म्हणजे दुसऱ्याचा गळा. राम जोशींच्या लावण्या जगल्या त्या फडाफडांतून. अमर शेखांच्या कवितांना असे झीलकरी अजून मिळायचे आहेत. बारामती-इंदापूरच्या शाळा-महाविद्यालयांत स्नेहसंमेलनं होतात, पोवाड्यांच्या स्पर्धा होतात. दरवर्षी २९ ऑगस्टला एखाद्या मुलानं, एखाद्या मुलीनं 'कलश'मधली एक कविता चाल लावून म्हटली, आणि मागे चार जणांनी झील धरली, तर त्याला खर्च काही येत नाही. एकट्यानं कागदावर ठेवलेली ती ओळ पुन्हा फडात येईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)