तयार पानाकडून पुन्हा तयार पानाकडे

१९९७ पूर्वी प्रत्येक संकेतस्थळाला साधारणपणे स्वतःचा आयपी पत्ता लागे. ब्राउझर सर्व्हरकडे नुसतं पान मागायचा; ते कोणत्या साइटचं, हे सांगण्याचं बंधन त्याच्यावर नव्हतं. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ ने 'होस्ट' ही ओळ सक्तीची केली आणि एकाच पत्त्यावर शेकडो साइट्स नांदू लागल्या. अपाची सर्व्हर १९९५ पासून फुकट मिळत होताच; १९९६ मध्ये होस्टिंग खातं सांभाळायचं सीपॅनेल आलं. महिन्याला काही डॉलर मोजले की साइट उभी!

हे सामायिक होस्टिंग म्हणजे चाळच होती. भाडं परवडायचं ते पाण्याची टाकी सामायिक म्हणून, आणि एकाने नळ सोडून ठेवला की वरचा मजला कोरडा. इथलं पाणी म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी. जाहिरातींत मात्र 'अनलिमिटेड' हे विशेषण डिस्कच्या जागेला आणि बँडविड्थला लागायचं. प्रोसेसरचा विषय नियमावलीच्या बारीक अक्षरांत दडलेला असे, आणि खरी टंचाई त्याचीच होती.

सुरुवातीचे ब्लॉग या टाकीला फारसा हात लावत नसत. १९९९ मध्ये आलेलं ब्लॉगर पानं आपल्याकडे तयार करून एफटीपीने लेखकाच्या होस्टिंगवर पाठवू शकायचं. बेन आणि मीना ट्रॉट या जोडप्याचं २००१ चं मूव्हेबल टाइप लेख जतन होतानाच एचटीएमएल फाइल करून ठेवायचं. वाचक आला की सर्व्हरने फाइल उचलायची आणि द्यायची, बस्स. भुर्दंड लेखकाला पडे: मांडणी बदलली की सगळा जुना संग्रह पुन्हा बांधायला घ्यायचा आणि पडद्याकडे बघत बसायचं. प्रतिक्रियांचंही तसंच. प्रत्येक प्रतिक्रियेसाठी पर्ल स्क्रिप्ट चाले, पान नव्याने बांधलं जाई. २००४ च्या सुमारास स्पॅम बॉट्सनी नेमकी हीच जागा हेरली. सर्व्हर धापा टाकू लागले, तेव्हा काही होस्टिंगवाल्यांनी ती स्क्रिप्टच बंद केली.

त्याच वर्षी मे महिन्यात मूव्हेबल टाइप ३.० चे परवान्याचे नियम बदलले आणि नाराज ब्लॉगलेखक वर्डप्रेसकडे वळले. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते वर्षभर आधी, २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केलं होतं. पीएचपी आणि मायएसक्यूएल यांवर चालणाऱ्या वर्डप्रेसमध्ये पुनर्बांधणीची कटकट नव्हती, कारण पान बांधलं जायचं ते वाचक आल्यावर. सोय लेखकाची झाली, भार भेटीवर गेला. एकच लेख हजार जणांनी उघडला, की तेच काम हजारदा. स्लॅशडॉट किंवा डिग यांसारख्या दुवे झळकवणाऱ्या साइटच्या पहिल्या पानावर दुवा झळकणं हा मान होता, पण त्या गर्दीत साइट कोसळायची.

तोडगा काढला रिकार्डो गाली यांच्या डब्ल्यूपी-कॅशने आणि त्याच्याच पायावर २००७ मध्ये डोनखा ओ कीव यांनी रचलेल्या डब्ल्यूपी सुपर कॅशने. एकदा बांधलेलं पान एचटीएमएल फाइल म्हणून जपायचं आणि पुढच्यांना तीच द्यायची; सुपर कॅशमध्ये तर अपाची पीएचपीला उठवतही नसे. ट्रॉट दांपत्याची युक्ती मागल्या दाराने परत आली! मराठी ब्लॉगला याचा जास्तीचा लाभ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं, इंग्रजी अक्षर एकच. जीझिपने दाबल्यावर हे ओझं बरंच उतरतं, पण दर भेटीला दाबून बांधण्यात प्रोसेसर खर्ची पडतो. सुपर कॅश दाबलेली प्रतही तयार ठेवू शकतं.

होस्टिंगवालेही बदलले. पूर्वी एखादं खातं फार खाऊ लागलं, तर शेजारी हैराण व्हायचे आणि मग अख्खं खातं निलंबित व्हायचं. २०१० च्या सुमारास क्लाउडलिनक्स या सर्व्हर-प्रणालीने प्रत्येक खात्याला प्रोसेसर-मेमरीचा ठरावीक वाटा बांधून दिला. वाटा संपला की त्या साइटपुरती ५०८ ही चूक दिसू शकते. ब्लॉगवाल्यांना ती जाचक वाटते, पण शेजाऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर व्यवस्था न्याय्य आहे. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ ने तर लेखकाने काही न करता वर्डप्रेसचा वेग दुपटीच्या घरात नेला. टॉम प्रेस्टन-वर्नर यांचं जेकिल हे ब्लॉग बांधण्याचं साधन तर २००८ मध्येच डेटाबेस सोडून थेट तयार फाइलींकडे वळलं होतं.

पण तयार पानांनी सगळा भार हटत नाही. २००७ पासून वर्डप्रेस कॅशबाहेरच्या भेटींच्या आधारे स्वतःची नियोजित कामं उरकतं. २०१३ पासून संपादनाचं पान उघडं असेपर्यंत ते सर्व्हरला सतत हाका मारतं. लॉगिनच्या पानावर डोकं आपटणारे बॉट्स वेगळेच. म्हणून ५०८ दिसताच मोठा प्लॅन घेण्याची घाई करू नका. होस्टिंगच्या पॅनेलमधला वापराचा आलेख उघडा, त्याच वेळेचा अ‍ॅक्सेस लॉग शेजारी ठेवा आणि कोणती फाइल सर्वाधिक मागितली गेली, ते आधी पाहा.