गोल्डन स्टेट वॉरियर्स २०१५-१६ हंगाम

२०१५-१६ हा गोल्डन स्टेट वॉरियर्स या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमधील (एनबीए) ७०वा हंगाम होता. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात खेळणाऱ्या या गतविजेत्या संघाने ८२ साखळी सामन्यांपैकी ७३ जिंकून एनबीएच्या इतिहासातील सर्वाधिक विजयांचा विक्रम केला. मात्र अंतिम मालिकेत क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सकडून ३-४ असा पराभव झाल्याने त्याला विजेतेपद राखता आले नाही.

पार्श्वभूमी

वॉरियर्सनी २०१५ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलंडला ४-२ असे नमवले होते. पाठीवरील शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासामुळे मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर नव्या हंगामाच्या पहिल्या ४३ सामन्यांना अनुपस्थित होते. त्या काळात साहाय्यक प्रशिक्षक ल्यूक वॉल्टन यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने ३९ सामने जिंकले.

साखळी सामने

संघाने पहिले सलग २४ सामने जिंकले. हंगामाची इतकी यशस्वी सुरुवात त्यापूर्वी कोणत्याही संघाला साधली नव्हती. १२ डिसेंबर २०१५ रोजी मिलवॉकी बक्सने ही मालिका खंडित केली. घरच्या मैदानावरील सलग ५४ विजयांची, आदल्या हंगामात सुरू झालेली मालिका १ एप्रिल २०१६ रोजी बॉस्टन सेल्टिक्सविरुद्ध संपुष्टात आली. साखळी फेरीत संघ सलग दोन सामने एकदाही हरला नाही.

या यशाचा मुख्य आधार दूरवरून केलेली अचूक फेक हा होता. बास्केटबॉलमध्ये ठरावीक कमानीबाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात. स्टीफन करी याने अशा ४०२ बास्केट केल्या. त्याचाच आधीचा विक्रम २८६ चा होता. सरासरी ३०.१ गुण मिळवणारा करी सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या पुरस्कारासाठी एकमताने निवडला गेलेला एनबीएतील पहिला खेळाडू ठरला. स्टीव्ह कर यांना सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला.

१३ एप्रिल २०१६ रोजी मेंफिस ग्रिझलीजला १२५-१०४ असे हरवून वॉरियर्सनी ७३वा विजय मिळवला. याआधीचा ७२ विजयांचा विक्रम १९९५-९६ च्या शिकागो बुल्सच्या नावावर होता. त्या संघात कर स्वतः खेळाडू होते.

बाद फेरी

बाद फेरीत चार सामने जिंकणारा संघ मालिका जिंकतो. ह्यूस्टन रॉकेट्सविरुद्ध करीचा घोटा व नंतर गुडघा दुखावला. तरीही वॉरियर्सनी ह्यूस्टन आणि पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या दोन्ही संघांना ४-१ असे हरवले. ओक्लाहोमा सिटी थंडरविरुद्ध संघ १-३ असा पिछाडीवर होता. सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसनने तीन गुणांच्या ११ बास्केट करून पराभव टाळला आणि पुढे संघाने मालिका ४-३ अशी जिंकली.

अंतिम मालिका

अंतिम मालिकेत वॉरियर्सकडे ३-१ अशी आघाडी होती. बाद फेरीतील गंभीर फाउलांची मर्यादा ओलांडल्याने ड्रेमंड ग्रीनला पाचव्या सामन्यातून निलंबित करण्यात आले, तर त्याच सामन्यात अँड्र्यू बोगट जायबंदी झाला. क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्स व कायरी अर्व्हिंग यांनी त्या सामन्यात प्रत्येकी ४१ गुण मिळवले.

१९ जून २०१६ रोजी ओकलंड येथे झालेला सातवा सामना ८९-८९ अशा बरोबरीत असताना जेम्सने मागून धावत येऊन आंद्रे इग्वोडालाची फेक अडवली, तर अर्व्हिंगने तीन गुणांची निर्णायक बास्केट केली. अखेरच्या सुमारे साडेचार मिनिटांत वॉरियर्सना एकही गुण मिळाला नाही. हा सामना क्लीव्हलंडने ९३-८९ असा जिंकला. अंतिम मालिकेत १-३ अशा पिछाडीवरून विजेतेपद मिळवणारा तो पहिला संघ होय.

मूल्यमापन

८२ साखळी सामन्यांत नऊ वेळा हरलेला हा संघ बाद फेरीच्या २४ सामन्यांतही नऊ वेळाच हरला. बुल्सनी ७२ विजयांबरोबर विजेतेपदही मिळवले होते. त्यामुळे या दोन संघांच्या तुलनेत वॉरियर्सच्या विक्रमाला अंतिम पराभवाची जोड कायम राहिली. जुलै २०१६ मध्ये थंडरचा केव्हिन ड्युरंट वॉरियर्समध्ये दाखल झाला आणि संघाने २०१७ व २०१८ ची विजेतेपदे जिंकली.